धृपद कोण धरणार

या, असे पुढं सरका. चपला दारात राहू द्या, कुणी नेत नाही. आणि मागच्या भिंतीला टेकून एकटं कुणी बसू नका. आजची गोष्ट तशा बसलेल्यांचीच आहे, म्हणून जवळ या म्हटलं. चिखलीच्या आबाजींच्या घरातली एक सकाळ सांगायची आहे. बारस सोडायला पुरणाची ताटं वाढून तयार होती आणि घास कुणी उचलत नव्हतं. का उचलत नव्हतं आणि शेवटी पहिला घास कुणी घेतला, एवढीच गोष्ट. नीट ऐकलीत तर रिकाम्या पोटी जाणार नाही.

आबाजींच्या लेकीनं, विजयश्रीनं, चौकात गाडी हळू केली. हळू करावीच लागते तिथं. डाव्या हाताला भंगाराचा टेम्पो उलटा येत होता, उजवीकडे वडापावच्या गाडीभोवती रात्रपाळी संपवून आलेले चाकणचे कामगार उभे होते, आणि वर, विजेच्या दोन खांबांना बांधलेला तो फ्लेक्स. 'आमच्या घराण्याची शान, आमच्या लाडक्या दिदी, डॉ. तेजस्विनी यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन.' गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली तेजू, आणि खाली शुभेच्छुकांचे तेवीस चेहरे, बहुतेकांच्या डोळ्यांवर गॉगल. वर्षभराच्या उन्हानं लाल रंग पार उडाला होता. तेजूचे ओठ निळे पडले होते. रोज शवांच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या बाईला तो निळा ओळखीचा होता. विजयश्रीनं नजर रस्त्यावर आणली.

तेजूला मेडिकलला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात तिच्या बापानं, विजयश्रीच्या धाकट्या भावानं, रणजीतनं हा फ्लेक्स लावला होता. तेव्हा विजयश्री त्याला फोनवर म्हणाली होती, "अरे, नुसता प्रवेश झालाय. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात." रणजीत हसला होता. "ताई, प्रवेश झाला म्हणजे झालीच की. तू नाही का झालीस?"

आता पहिलं वर्ष सरत आलं होतं. शरीररचनेच्या अंतर्गत परीक्षेत तेजूला चार मार्क कमी पडले होते. ते भरून निघाले नाहीत तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि त्या विषयाची विभागप्रमुख होती विजयश्री, तेजूची सख्खी आत्या.

आबाजींच्या घरी दर एकादशीला उपास असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं एकूण एक माणूस एका पंगतीला बसून बारस सोडतं. जमिनीच्या सह्यांवरून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं त्या सालातही ही पंगत मोडली नव्हती. पण गेले आठ महिने विजयश्री आली नव्हती. ताथवड्याला अकराव्या मजल्यावर ती एकटी राहते. तिथं एकादशी कळते ती फोनवर आईचा मेसेज येतो म्हणून. यावेळी मेसेज आबांचा होता. आबांना टाइप करता येत नाही, त्यांनी बोलून पाठवला होता: "विजू, रविवारी बारस हाय. ये. पोरगीचं इपरीत झालंय."

घराच्या तिन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड उभ्या आहेत, जिथं पूर्वी ज्वारी होती. रविवार असूनही एका शेडमध्ये ओव्हरटाइम चालू होता. पॉवर प्रेसचा दणका दर चार सेकंदांनी जमिनीतून पायात येत होता.

"आलीस?" आक्काबाई दारातच होत्या. "वाळलीस गं."

"आई, तीन किलो वाढलेय मी."

"मग त्वांड वाळलंय."

पंगत बसलेली होती. आबाजी भिंतीशी, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ हिंदुराव, मग रणजीत. रणजीतची बायको वर्षाली वाढत होती. विजयश्रीसाठी पाट होता, आणि तिच्या समोरचा पाट रिकामा. त्या पाटापुढचं ताट मात्र पूर्ण वाढलेलं: पोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी.

"तेजू?" तिनं विचारलं.

"गच्चीवरच्या खोलीत," वर्षाली म्हणाली. तिच्या हातातली पळी थांबली नाही.

"ती येईल तवा घास उचलायचा," आबाजी म्हणाले. "माझ्या घरात एक ताट झाकून बारस सुटत न्हाई."

"दादा, येळ लागंल," हिंदुराव पोळीकडे बघत म्हणाले. "काल आमी नुसत्या भगरीवर काढलाय दिस."

"मग आजबी काढा."

रणजीतनं ताट दोन बोटं पुढं सरकवलं. तो बोलायची तयारी करून बसला होता, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

"चार मार्क, ताई. चाळीस नाहीत, चार."

"हो."

"पेपर तूच तपासलास?"

"मीच."

"हात थांबला नाही कुठं?"

"नंबर झाकून तपासते मी, रणजीत. कुणाचा पेपर ते मला ठाऊक नसतं."

तिचा आवाज शांत होता. वर्गात असतो तसाच.

"तिकडं आमदारकीला उभं राहिल्यासारखं वागू नको गं," हिंदुराव म्हणाले. "घरातलीच पोर हाय. तुझ्या हातात पेन, तिच्या नशिबात चार मार्क कमी. लोकं काय म्हंतील?"

"लोकं म्हणतील म्हणूनच नाही वाढवले, काका."

"बघा," रणजीत म्हणाला. "म्हणजे वाढवता येत होते."

प्रेस दोनदा आपटला. वर्षालीनं आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच नणंदेकडे सरळ पाहिलं.

"मार्कांचं राहू द्या, वन्सं. मला एकच सांगा. अकरा दिवस झाले, ती कॉलेजला गेलेली नाही. सकाळी सॅक घेऊन निघायची, आळंदीला घाटावर बसायची, संध्याकाळी परत. परवा बसमधल्या ओळखीच्या बाईनं सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही अडाणी. पण तुम्ही तिथंच असता ना? अकरा दिवस एक बाक रिकामा होता. तुम्हाला नाही दिसला?"

"वर्षाली," रणजीत म्हणाला.

"नाही, बोलू द्या. तुम्हाला मार्क पाहिजेत. मला पोरगी पाहिजे."

मघापर्यंत रणजीतच्या बाजूला झुकलेले हिंदुराव आता पाटावर सरळ झाले. "खरंय सुनबाईचं," ते पुटपुटले.

विजयश्रीला बाक दिसला नव्हता. खिडकीकडची तिसरी रांग, तिकडे तिनं वर्षभर पाहिलंच नव्हतं. कुणी म्हणू नये, मॅडमची नजर भाचीवर असते. सुरुवातीला मान जाणीवपूर्वक वळवावी लागायची. नंतर ती आपोआप वळायला लागली.

ती उठली. "मी बोलावून आणते."

जिन्यात तिला आपल्याच कॉलेजच्या जिन्याची आठवण आली. तिथं दर मजल्यावर एक भित्तिपत्रक होतं: 'मन मोकळं करा, आम्ही आहोत.' खाली तिचं नाव होतं. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या कल्याणाची जी समिती कॉलेजनं केली होती, तिची ती अध्यक्ष. दर शुक्रवारी योग, हजेरी सक्तीची. दर तिमाहीला प्रश्नावली. मागच्या महिन्यातच तिनं सगळ्या प्राध्यापकांपुढं आकडे मांडले होते, एक्क्याण्णव टक्के विद्यार्थी समाधानी. टाळ्या झाल्या. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. ती घरी येऊन दूध तापवायला ठेवून खिडकीपाशी उभी राहिली, दूध उतू गेलं. शिक्षकांसाठीची प्रश्नावली तिनंही भरली होती, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. तिचाही हात पाचाखाली गेला नव्हता.

तेजू पलंगावर नव्हती. खाली, भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात पुस्तक उघडं होतं, पान मात्र पंख्याच्या वाऱ्यानं आपलं आपण उलटत होतं.

"मॅडम," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बस. घरात आहे मी."

"तुम्हीच सांगितलं होतं. गेटच्या आत मॅडम, गेटच्या बाहेर आत्या."

"मग इथं आत्या."

"गेटच्या बाहेर तुम्ही आलातच नाही, आत्या." तेजू हे रागानं बोलली नाही. रक्तदाब किती ते सांगावं तसं सांगितलं. "आठ महिने झाले."

विजयश्री चटईवर बसली. गुडघे वाजले. प्रेसचा दणका इथंही येत होता, थोडा मऊ होऊन.

"पेपर काढायचे होते. वाटलं, येणंजाणं ठेवलं तर..."

"माहितीये. पण पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं मी कोण ते. आडनाव एकच आहे. मी आले की बोलणं थांबायचं. नोट्सचा ग्रुप होता, त्यांनी मला सोडून दुसरा केला. त्यांना वाटायचं मी तुम्हाला जाऊन सांगते." ती हसली. "काय सांगणार? तुम्ही तर माझ्याकडे बघतही नव्हता. मार्क कमी पडले तेव्हा मागची मुलं म्हणाली, नाटक आहे, शेवटी आत्या वाढवतील. म्हणून मी तुम्हाला भेटायलाही आले नाही."

"समितीची प्रश्नावली आली होती ना तुमच्याकडे? त्यात तरी..."

"'मन मोकळं करायला तुम्हाला कुणी आहे का? एक ते पाच.' मी पाच लिहिलं."

"का गं?"

"कागद गोळा करायला तुम्हीच रांगेतनं फिरत होता."

खाली कुणीतरी पाट सरकवला. विजयश्रीला एकदम आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. ज्या हातांनी तीन हजार मुलांना मज्जातंतू सोडवून दाखवले ते हात मांडीवर नुसते पडून राहिले.

"मी खाली खोटं बोलले," ती म्हणाली. "तुझा पेपर मी ओळखला होता. नंबर झाकलेला असला म्हणून काय झालं? हृदयाच्या आकृतीला नावं देताना तू बाणांना पिसं काढतेस. चार वर्षांची होतीस तेव्हा आबांच्या पाटीवर काढायचीस, अजून काढतेस. मी ती पिसं बघितली आणि जास्तच कडक तपासलं. एका उत्तराला दुसऱ्या कुणाला दीड दिला असता, तुला एक दिला. सगळा पेपर तसाच. मला वाटलं हाच प्रामाणिकपणा."

तेजूनं पुस्तक बंद केलं.

"म्हणजे मी चार मार्कांनी नापास नव्हते?"

"ठाऊक नाही. तेच तर. मला ठाऊक असायला नको होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच मी लिहून द्यायला हवं होतं, ही माझी भाची आहे, हिचे पेपर दुसरं कुणीतरी तपासा. अर्ध्या पानाचं पत्र. ते दिलं असतं तर मला तुझ्याशी बोलता आलं असतं, डबा खाता आला असता. पण माझ्याशिवाय कुणाला नीट तपासता येत नाही, असा माझा समज. म्हणून परीक्षकही राहिले आणि परकीही."

"उद्या द्याल?"

"उद्या देईन. मी काय केलं तेही त्यात लिहीन. पेपर दुसरं कुणी परत तपासेल. कमी पडलेच तर सोळा दिवसांनी सुधार परीक्षा आहे, त्याला तू बसायचंस."

"तुम्हाला त्रास होईल."

"होईल. प्रमुखपद जाईल बहुधा." हे म्हणताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "तेजू, तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षाला माझ्या खोलीत एक मुलगी होती, दीक्षा. उदगीरकडची. फार बोलायची नाही. एक दिवस दुपारी चारला ती वाचनालयात माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, चहाला येतेस? मी म्हटलं, हा पाठ संपू दे. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. सहाला मी खोलीवर आले तर गादीची वळकटी बांधलेली. रेक्टर म्हणाल्या, घरी गेली, सोडलं तिनं. मी पत्ता विचारला नाही. परीक्षा होती. त्या वर्षी सुवर्णपदक मला मिळालं."

"मग?"

"मग काही नाही. तीस वर्षं झाली. दुपारी चार वाजले की मी चहा घेत नाही, एवढंच."

जिन्यावर पावलं वाजली, एक पाऊल जड, एक हलकं. आबाजी वर आले होते, दुखऱ्या गुडघ्यानं. उंबऱ्यावरच बसले आणि धाप जाईपर्यंत कुणाकडे पाहिलं नाही.

"आबा, तुम्ही कशाला चढलात?" तेजू म्हणाली.

"तूप थिजलं खाली. हिंद्या रडायला आलाय." त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "मी चाळीस साल टाळकरी हुतो, ठावं हाय न्हवं? कीर्तनकार म्होरं उभा, आन आमी धा-बारा जनं त्याच्या पाठीशी. तेजू, आमी कशाला उभं असतो तितं? शोभंला?"

"गायला."

"एकदा सप्ताहात आळंदीचा एक पोरगा कीर्तनाला आला. पैलंच कीर्तन. इसेक वर्साचा. अर्ध्यात आला आन इसरला. पार कोरा. त्वांड उघडं, सबुद न्हाई. समोर हजार मानूस. मी त्याच्या मानंवरचा घाम बघत हुतो, मागनं तेवढंच दिसतं. आमी काय केलं? धृपद धरलं. अभंगाची जी वळ फिरून फिरून येती ती. येकदा म्हनलं, दोनदा म्हनलं, पाचदा म्हनलं, चढवत न्हेलं. मृदंगवाल्यानं बी धरलं. तवर पोराला श्वास आला, सापडलं त्याला. लोकं घरी जाताना म्हनली, आज चाल लई रंगली. कुनालाबी कळलं न्हाई. त्यो इसरला हुता हे आमी त्याला बी म्हनलो न्हाई."

ते थांबले. मग मुलीकडे वळले.

"विजू, तू शिकलीस, म्होरं उभी ऱ्हायलीस. मला लई अभिमान वाटला, तुझ्या पाठीशी कोन हाय हे बगायचं मी इसरलो. तू या पोरीचं तेच केलंस. आता धृपद कोन धरनार त्ये तुमी ठरवा. पन ताटावर बसून ठरवा. माझा गुडगा आता वर यायचा न्हाई परत."

तेजूनं पुढं होऊन त्यांचा हात धरला. मग दुसरा हात विजयश्रीनं धरला. तिघं एकेक पायरी उतरू लागली.

"मी खाली येते," तेजू मधेच म्हणाली. "पण डॉक्टर म्हणायचं नाही कुणी."

पंगतीत हिंदुरावांनी तोंड उघडलं. "ये, डाक्..." वर्षालीची पळी ताटावर वाजली. "ये, तेजू. बस बाय. जीव चाललाय आमचा."

रणजीत लेकीकडे बघत होता. अकरा दिवसांत त्यानं तिला उजेडात पाहिलं नव्हतं. "मार्कांचं काय ठरलं?" त्यानं विचारलं, पण आवाजात मघाचं बळ नव्हतं.

"परत तपासले जातील," विजयश्री म्हणाली. "मी नाही तपासणार. कदाचित कमीच पडतील. कदाचित सहा महिने जातील तिचे."

"मग चौकात..."

"पप्पा," तेजू म्हणाली, "मी रोज त्याच्याखालनं जाते. बसमधली माणसं फ्लेक्स बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी तिथं आल्यावर ओढणी तोंडावर घेते."

रणजीतनं खिशातून फोन काढून फ्लेक्सवाल्या पोराला लावला. त्याचा कान लाल झाला होता. "जयदीप, चौकातला फ्लेक्स उतरव. आत्ता. नाही, नवा नाही लावायचा. काही छापायचं नाही, भावा. नुसता उतरव." त्यानं फोन पालथा ठेवला.

"गोठ्यावर टाका," आक्काबाई म्हणाल्या. "शेळीला सावली व्हईल. छापलेली बाजू आत ठेवा, न्हाईतर दूध आटंल तिचं, ते गॉगल बघून."

पहिल्यांदा हसली ती वर्षाली. आणि पहिला घास तेजूनं घेतला. पुरण गार झालं होतं, तुपाचा पांढरा गोळा तिनं बोटानं पोळीवर पसरला. मग सगळ्यांचे हात ताटात गेले.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण सोमवार यायचाच होता.

सोमवारी विजयश्रीनं गाडी गेटच्या बाहेरच लावली. दोघी चालत निघाल्या. गेट ओलांडताना तेजू सवयीनं चार पावलं मागं राहिली. विजयश्री थांबली, ती शेजारी येईपर्यंत थांबली, मग चालू लागली. व्हरांड्यातली बोलणी थांबली. पत्र दहा वाजता प्राचार्यांच्या टेबलावर गेलं. साडेअकराला त्यांनी बोलावून घेतलं, बसा म्हणाले नाहीत. दुपारपर्यंत पत्र सगळ्या कॉलेजला ठाऊक झालं होतं. तिच्या खोलीत कुणी डोकावलं नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या रांगेत तेजूच्या शेजारी त्या दिवशीही कुणी बसलं नाही.

चार वाजता विजयश्री वाचनालयात गेली. शेवटच्या टेबलाशी तेजू एकटी वाचत होती.

"चहाला येतेस?"

तेजूनं वर पाहिलं. मग पुस्तकाकडे, मग घड्याळाकडे. "आत्या, हा पाठ संपू दे."

विजयश्री थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं समोरची खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि बसून राहिली. पाठ मोठा होता. सव्वापाच वाजले तेव्हा ती अजून तिथंच होती.

आता तुम्ही उठाल, दारात चपला शोधाल, घरी जाल. आबाजींच्या घरचं पुढं काय व्हायचं ते होईल. त्यांच्या मागं उभं राहायला आता माणसं आहेत. मागणं एवढंच आहे. दीक्षा नावाची एक मुलगी होती, उदगीरकडची, फार न बोलणारी. एका दुपारी चार वाजता तिनं कुणालातरी चहाला बोलावलं होतं. ती आज कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. तिची तेवढी आठवण ठेवा.